ती कादंबरी मुलींच्या हाती परत द्या

माननीय मंत्रीमहोदय,
सप्रेम नमस्कार.

मुलींच्या सुरक्षिततेवरची पुस्तकं प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयात पोचतील, असं आपण मागच्या महिन्यात सोलापुरात व्यासपीठावरून सांगितलंत. मीही टाळ्या वाजवल्या. आणि परवा, मी शिकले त्याच कॉलेजच्या ग्रंथालयातून मी भेट दिलेली कादंबरी काढून टाकली गेली. 'प्रेमप्रकरणाचं पुस्तक' अशी कुणा पालकाची तक्रार होती.

साहेब, तक्रार करणाऱ्यानं ते वाचलेलं नाही. त्यातली १७ वर्षांची मुलगी मारणाऱ्या मित्राला सोडते, आणि अर्ध्याहून जास्त कादंबरी त्यानंतरची आहे. फोन वाजला की पोटात गोळा. 'तूच त्याला चिडवलं असशील' म्हणणाऱ्या मैत्रिणी. आणि एवढं होऊनही त्याची आठवण येणं! ते वाचलं तेव्हा मी वेडी नाही हे मला पहिल्यांदा कळलं.

मी अकरावीत होते. फोनचा पासवर्ड माझ्या मित्राकडे, लोकेशन कायम चालू. सात रस्ता चौकात वर्गातल्या मुलाशी बोलले म्हणून त्यानं मनगट पिरगळलं. दुसऱ्या दिवशी रडत ड्रेस घेऊन आला. गड्ड्याच्या जत्रेत भर गर्दीत थोबाडीत मारली, एक माणूस थांबला नाही. आईला काय सांगणार? ती विड्या वळून दमलेली, आणि घरात कळलं की कॉलेज बंद, स्थळं सुरू. शेवटी धीर करून पोलिसांत तक्रार द्यायला गेले, तर 'मिटवून घ्या' म्हणून परत पाठवलं. पुस्तक काढायला मात्र एक तक्रार पुरली.

कौटुंबिक हिंसाचाराचा २००५चा कायदा एका घरात राहिलेल्यांसाठी. आईवडिलांकडे राहणाऱ्या कॉलेजच्या मुलीला मित्राविरुद्ध तो उपयोगाचा नाही. पाठलागाच्या पहिल्या गुन्ह्याला जामीन मिळतो, तो पुन्हा गल्लीच्या तोंडाशी उभा. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात लग्न झालेल्या सुमारे २९ टक्के बायकांनी नवऱ्याचा मार किंवा जबरदस्ती सोसल्याचं सांगितलं. छळ सोसलेल्या शंभरातल्या ७७ जणी कुणापाशी बोलल्याच नाहीत. हे प्रश्न १८ वर्षांखालच्या मुलींना विचारलेच नव्हते. घर विचारत नाही, कॉलेज विचारत नाही, सरकारही विचारत नाही. मग एका पुस्तकानं विचारलं तर ते कपाटातून का जातं?

ते परत ठेवायला सांगा. न वाचता, नुसत्या तक्रारीवर कुठलंही पुस्तक काढू नये असा लेखी आदेश काढा. १८१ हा मदतीचा क्रमांक प्रत्येक वर्गात लावा. आपल्या भाषणाची तारीख आणि काढलेल्या प्रतीचा दाखल क्रमांक, दोन्ही माझ्याकडे आहेत. उत्तर लेखी हवं.

आपली,
एक माजी विद्यार्थिनी, सोलापूर