नगररचना शिकायला पैसे आहेत, माहिती नाही

महोदय,

बी.आर्क.ची, म्हणजे वास्तुकलेच्या पदवीची, पाच वर्षे संपली की विडी आणि यंत्रमागावर चालणाऱ्या सोलापुरी घरातली मुले पुढच्या शिक्षणाचे नाव काढायलाही कचरतात. गेट या पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या राष्ट्रीय परीक्षेत पात्र ठरून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता असलेल्या संस्थेत एम.प्लॅन.ला, म्हणजे नगररचनेच्या पदव्युत्तर पदवीला, प्रवेश घेतला, तर दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळू शकते, हे त्यांना कुणी सांगतच नाही. गेटमध्ये ‘आर्किटेक्चर अँड प्लॅनिंग’ हा स्वतंत्र पेपर आहे आणि गुण तीन वर्षे ग्राह्य धरतात, म्हणजे नोकरी करताकरताही तयारी होते. परीक्षा फेब्रुवारीत असली तरी अर्ज ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास भरावा लागतो. तिथेच अनेकांचे वर्ष जाते. महाविद्यालयांनी जुलैतच ही माहिती द्यावी.

खरी अडचण पुढे आहे. विद्यावेतन प्रवेशानंतर सुरू होते. पहिल्या सत्राची फी आणि वसतिगृहाचे पैसे मात्र आधी भरावे लागतात. दिल्ली, भोपाळ किंवा विजयवाड्याच्या नियोजन व वास्तुकला संस्थेत जागा मिळूनही मूल इथे अडते. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या आपल्या शहराला नगररचनाकार हवेतच. तेव्हा इथल्या सहकारी बँकांनी आणि समाजाच्या ट्रस्टनी निदान त्या पहिल्या सत्रापुरते बिनव्याजी कर्ज द्यावे, ही कळकळीची विनंती.

– एक वास्तुविशारद, सोलापूर