गिरणीत घर करायचं तर आधी जमीन बघायची

मँचेस्टर, 9 ऑक्टोबर

ती. बाबांस,
साष्टांग नमस्कार.

परवा तुम्ही विचारलंत, "यंत्रं काढली, पलंग टाकले, की झालं का गिरणीचं घर?" फोनवर नीट सांगता येईना, म्हणून लिहिते.

इथल्या अँकोट्स भागात मरे मिल ही 1798 सालची सूतगिरणी आहे. तिथे आता लोक राहतात. अशा इमारती संरक्षित यादीत असतात आणि परवानगीशिवाय आत फेरफार केला तर तो फौजदारी गुन्हा ठरतो. म्हणून विटा, बिडाचे (ओतीव लोखंडाचे) खांब, खिडक्या जागच्या जागी ठेवायच्या आणि घर त्यांच्यामधून वाट काढत बसवायचं.

आखणी सोपी. बैठक आणि झोपायची खोली खिडकीकडे. मोरी, संडास, कपाटं मधल्या अंधारात. नवी भिंत दोन खिडक्यांमधल्या विटेच्या भागालाच भिडवायची. खिडकीच्या मधोमध आली तर बाहेर रस्त्यावरूनही दिसते आणि फार वाईट दिसते.

खरं डोकं खाते ती पायाखालची जमीन. जुन्या गिरण्यांत आपल्या वाड्यासारखा कडीपाट, म्हणजे लाकडी तुळयांवर फळ्या, असतो, फक्त दणकट आणि यंत्रांचं तेल मुरलेला. वरच्याने खुर्ची सरकवली की खालच्याला ऐकू येणार. छताखाली दुसरं छत टांगलं तर आवाज उत्तम अडतो, पण तुळया झाकल्या जातात, आणि गिऱ्हाईक पैसे देतो ते त्या तुळया बघायलाच! मग सगळा इलाज वरून करावा लागतो. जुन्या फळ्यांवर 25 मिमी खनिज लोकरीची दाट गादी, तिच्यावर 19 मिमी जिप्समचे जड तक्ते, वर खाचेत बसणारे 18 मिमी भुशाचे बोर्ड. ही जमीन तरंगती असते, कशालाही ठोकायची नाही. कड्यांमधल्या पोकळीतही लोकर भरतात.

घोटाळा होतो तो इथेच. सुताराने चाळीसऐवजी सत्तर मिलिमीटरचा स्क्रू घेतला आणि तो गादीतून आरपार जुन्या फळीत घुसला, की गादी असून नसल्यासारखी. स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या तळाची पट्टी, खाली टेकलं तरी तेच, त्यामुळे भिंतीकडेने 5 मिमी फट ठेवून तिच्यात फोमची पट्टी बसवतात. शेवटी परीक्षा घेतात. एक यंत्र जमिनीवर ठेवायचं, त्यात अर्ध्या किलोचे पाच हातोडे असतात, ते 40 मिमी उंचीवरून सेकंदाला दहा ठोके देतात. खालच्या घरात आवाज 64 डेसिबलच्या वर जाता कामा नये. नव्या इमारतीला 62 ची मर्यादा असते, जुनीला एवढीच सूट.

शिवाय 62 मिमीने जमीन वर आली, की जिन्याची शेवटची पायरी उरलेल्यांपेक्षा उंच होते आणि माणूस ठेचकाळतो. खिडकीची खालची कड जमिनीपासून तेवढीच कमी उंचीवर येते, मग लहान मुलांसाठी आडवा गज लावावा लागतो. हा हिशेब कागदावर पहिल्याच दिवशी मांडायला हवा.

संडासाचंही तसंच. 110 मिमी पाइपला मीटरमागे निदान 18 मिमी उतार लागतो. संडास मैला खाली नेणाऱ्या उभ्या नळापासून तीन मीटर लांब नेला तर उताराचेच 54 मिमी, वर पाइपची जाडी, म्हणजे जमीन निदान सोळा सेंटीमीटर उचलायची. त्यापेक्षा संडास नळाला चिकटूनच ठेवावा.

नंतरच्या गिरण्यांत लाकडाऐवजी लोखंडी तुळया आणि त्यांच्यामध्ये विटांच्या बुटक्या कमानी असतात. मुंबईतही जुन्या इमारतींत असं छत दिसतं. कमानींचा रेटा आडव्या लोखंडी सळया धरून ठेवतात. "ही सळई डोक्याला लागते" म्हणून कापली, तर कमानी बाजूला ढकलू लागतात. बिडाच्या खांबाला वेल्डिंगही करायचं नाही, तडकतो. नवं काही लावायचं तर पट्टा आवळून. आगीसाठी खांबांना उष्णतेने फुगणारा रंग देतात. त्याआधी जुना शिशाचा रंग काढायचा असतो, पण कोरडं घासून नाही, ती धूळ विषारी.

भिंती खाली दीड-दोन फूट जाडीच्या, तरी थंडीत गार पडतात. आतून जाड फोम लावला की वीट आणखी गार होते, घरातली वाफ तिच्यावर जमते आणि भिंतीत रुतलेली तुळयांची टोकं कुजतात. म्हणून वाफ कोंडून न ठेवणारे 40 ते 60 मिमी लाकडी तंतूंचे बोर्ड, मागे पोकळी न ठेवता, वर चुन्याचा गिलावा.

बाहेरून दर्जाही (विटांमधले सांधे) चुन्याच्याच भरायच्या, एक भाग चुना, अडीच ते तीन भाग वाळू. सिमेंट विटेपेक्षा टणक. ओल सांध्यातून निघायची ती विटेतून निघते, थंडीत गोठते आणि विटेचं तोंड पापुद्र्यासारखं सुटतं.

गावच्या घराच्या चिऱ्याच्या भिंतीला गवंडी सिमेंट भरू म्हणतोय, असं आई म्हणाली. आपल्याकडे बर्फ नसला तरी ओल आत अडकणारच. त्याला म्हणावं, आधी जुन्या दर्जा इंचभर खोल खरवडून पाणी मार, मग चुना भर. आणि निदान काही दिवस ओली पोती टांगायला सांगा, उन्हात लवकर वाळला तर भुसभुशीत होतो.

आईला नमस्कार.

तुमची,
सुजू