टँक मोठा आणा, पण जुना स्पंज धुऊन टाकू नका

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत घरसजावटीच्या पानावर फिश टँकवर लेख आला होता, फोटो एकदम भारी. छोटा टँक असेल तर मोठा घ्या, हॉल खुलून दिसतो, ईशान्येला ठेवा, आठ सोनेरी आणि एक काळा मासा ठेवा वगैरे सगळं होतं. फक्त छोट्या टँकमधले मासे मोठ्यात हलवायचे कसे यावर एक ओळ नव्हती, आणि मासे मरतात ते नेमके तिथेच. म्हणून हे पत्र लिहितोय.

आपल्याकडे मासा मेला की घरातलं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "जाऊ दे, घरावरचं संकट त्याने स्वतःवर घेतलं". ज्याची त्याची श्रद्धा, मी काय बोलणार. पण नवीन टँक आणल्यावर आठवड्याभरात एकामागोमाग एक पाच-सहा मासे जातात तेव्हा एवढी संकटं एकाच टूबीएचकेवर कुठून येतील हो? बहुतेक वेळा पाण्यात अमोनिया झालेला असतो, एवढंच.

मासा खातो आणि कल्ल्यांतून अमोनिया बाहेर टाकतो, शिवाय तळाला पडलेलं खाणं कुजूनही तेच होतं. जुन्या टँकमधे तो साठत नाही कारण फिल्टरच्या स्पंजवर, खड्यांवर बॅक्टेरिया बसलेले असतात, त्यातले काही अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. पहिले दोन्ही माशाला विष, नायट्रेट त्या मानाने गरीब, दर आठवड्याला थोडं पाणी बदललं की भागतं. आता मुद्दा असा की हे बॅक्टेरिया पाण्यात फारसे नसतातच, ते चिकटून राहतात. म्हणून "आम्ही तर जुनंच पाणी ओतलं होतं, तरी मेले" असं लोक म्हणतात त्यात नवल नाही, पाणी आणलं पण बॅक्टेरिया जुन्या स्पंजमधेच राहिले, आणि तो स्पंज कचऱ्याच्या गाडीत गेला. कोऱ्या टँकमधे ही सगळी मंडळी आपोआप तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात, थंडीत त्याहून जास्त. आणि दुकानात काय सांगतात, आज सेट करा, उद्या मासे सोडा! दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाणी दुधाळ होतं, मासे वर येऊन तोंड उघडं टाकायला लागतात, मग तोच दुकानदार निळं औषध देतो.

मागच्या थंडीत आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी दोन फुटी टँकमधले गोल्डफिश तीन फुटीत हलवले तेव्हा मी मदतीला होतो. (गोल्डफिश दुकानात बोटाएवढा दिसतो, पण नीट सांभाळला तर वीतभर होतो आणि दहा वर्षं सहज जगतो, त्याला काचेच्या गोल भांड्यात ठेवणं म्हणजे छळच आहे.) काकूंनी सगळं घासून पुसून नवं करायची तयारी केलेली, स्पंज तर नळाखाली धरायला निघालेल्या. त्यांना थांबवलं, जुन्या टँकचं पाणी बादलीत काढून त्यात स्पंज दोनदा हलकाच दाबला, चहाच्या गाळासारखं तपकिरी पाणी निघालं, आणि तोच स्पंज नव्या फिल्टरशेजारी लावून दिला. "ही घाण परत आत टाकायची?" काकूंचा चेहरा बघण्यासारखा होता. थोडे जुने खडेपण जुन्या मोज्यात भरून कोपऱ्यात ठेवले. माशांना आदल्या दिवसापासून खायला दिलं नव्हतं, जाळीने पकडापकडी न करता पाण्यासकट वाडग्यात घेतले आणि नव्या टँकचं पाणी पेल्या-पेल्याने घालत अर्ध्या-पाऊण तासाने सोडले. एक मासा संध्याकाळपर्यंत पंख मिटून कोपऱ्यात बसून होता, मग खडे उकरायला लागला. पुढे काही दिवस खाणं अगदी कमी. एकही मासा गेला नाही, आणि स्पंज घाणच आहे असं काकूंचं अजून म्हणणं आहे.

आता नाशिकच्या पाण्याबद्दल. गंगापूर धरणाचं पाणी आपल्याला चांगलंच आहे, पण पावसाळ्यात गढूळ झालं की क्लोरीनचा वास नळालाच येतो. आपल्या पोटाला ते बरं, पण माशाचे कल्ले त्याने जळतात आणि स्पंजमधले बॅक्टेरियापण मरतात, म्हणूनच नळाखाली स्पंज धुवायचा नाही. पाणी उघड्या टबात एअर पंप लावून एक दिवस ठेवा, नाहीतर दुकानात अँटीक्लोरीन म्हणून मिळतं ते टाका, आत सोडियम थायोसल्फेटच असतं, स्वस्तात मिळतं. बोअर किंवा टँकरवाल्यांनी जास्त सांभाळावं. आपल्या काळ्या पाषाणातलं पाणी बहुतेक जड आणि अल्कली असतं, आणि पाणी जितकं अल्कली तितका तोच अमोनिया जास्त विषारी. ज्या टँकचं पाणी महिनोन् महिने बदललेलंच नाही ते हळूहळू आम्ल होत गेलेलं असतं, त्यातला मासा उचलून थेट बोअरच्या पाण्यात टाकला की त्याचे हाल विचारू नका.

डिसेंबर-जानेवारीत इथे पारा दहाच्या खाली जातो हे वेगळं सांगायला नको. गच्चीवरच्या टाकीतलं पहाटेचं पाणी म्हणजे बर्फ. एंजल, गप्पी, मॉली यांना २४ ते २७ डिग्री लागते, तेव्हा हीटर आधी एक दिवस चालू ठेवून मगच मासे हलवा, नाहीतर गारठ्याने अंगावर पांढरे ठिपके येतात. गोल्डफिशला मात्र हीटर लागत नाही, दुकानदार तरी विकतोच.

वजनाचंही कुणी बोलत नाही. तीन फूट लांब, दीड रुंद, दीड उंच टँक म्हणजे काठोकाठ जवळजवळ १९० लिटर, म्हणजे १९० किलो नुसतं पाणी, वर काच आणि खडे वेगळे. हे टीव्ही युनिटच्या प्लायवर ठेवू नका, लोखंडी स्टँड घ्या, खाली थर्माकोलची शीट घाला, आणि भरलेला टँक "जरा इकडे सरकवू" म्हणून हलवायला जाऊ नका, तळाची काच जाते.

तेव्हा एक विनंती, पुढच्या वेळी असा लेख छापाल तेव्हा दिशेच्या चौकटीशेजारी जुना फिल्टर निदान महिनाभर नव्या टँकमधे चालू ठेवा एवढं तरी छापा. जुना टँकही लगेच भंगारात देऊ नका, नवीन आणलेले मासे आधी दोन-तीन आठवडे त्यात वेगळे ठेवता येतात.

आणि अजून एक, टँक बदलताना नको झालेले मासे लोक पुण्य म्हणून गोदावरीत सोडतात, ते कृपा करून करू नका. काच साफ करतो म्हणून आणलेला सकर मासा मूळचा दक्षिण अमेरिकेचा, फूट-दीड फूट होतो, आणि आंध्रात, बंगालमधे तलावांत शिरून मच्छीमारांची जाळी फाडतोय. मोठा झाला, नको असेल तर दुकानात परत द्या. बरेच दुकानदार घेतात, पैसे देत नाहीत ही गोष्ट वेगळी.

आपला,
एक वाचक, इंदिरानगर, नाशिक