चि. ओंकार यास: ड्राफ्टविषयी

चि. ओंकार यास अनेक आशीर्वाद.

अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमध्ये दरवर्षी संघ कॉलेजांतले नवे खेळाडू निवडतात, तो ड्राफ्ट; त्यात तळाच्या संघाला पहिली निवड देणे म्हणजे हरण्याचे बक्षीस नव्हे का, असे तू विचारलेस. फोनवर नीट सांगता आले नाही, म्हणून लिहितो.

हा नियम १९३५ साली फिलाडेल्फिया ईगल्सचे मालक बर्ट बेल यांनी सुचवला. त्या काळी ज्याच्या गाठीला पैसा, तो मालक कॉलेजांतले उत्तम खेळाडू आधीच पटकावून बसे आणि बेल यांच्यासारख्यांच्या वाट्याला उरलेसुरले येत. म्हणून तळाच्या संघाने आधी निवडावे आणि विजेत्याने शेवटी, असे ठरले. आज ३२ संघ सात फेऱ्यांत, तीन दिवस, याच क्रमाने निवड करतात.

मात्र निवडीचा हक्क दुसऱ्याला देताही येतो, आणि तुझ्या शंकेचे उत्तर तिथेच आहे. २०२३ मध्ये नवा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून चढाई चालवणारा खेळाडू, हवा म्हणून कॅरोलायना पँथर्सनी शिकागो बेअर्सकडून पहिला क्रमांक घेतला, त्यावर ब्राइस यंगला निवडले, आणि त्या क्रमांकाच्या बदल्यात जे दिले, त्यात पुढच्या वर्षीची पहिल्या फेरीतली आपली निवडही होती. त्या हंगामात पँथर्स १७ पैकी १५ सामने हरले आणि त्या हरण्याचे फळ शिकागोच्या पदरात पडले. एप्रिल २०२४ मध्ये डेट्रॉइटच्या त्या गर्दीत शिकागोची पहिली निवड म्हणून कॅलेब विल्यम्सचे नाव पुकारले गेले, तेव्हा माझी बाही ओढून तू विचारले होतेस, "बाबा, पण शिकागो तर शेवटी नव्हते ना?" बक्षीस आहे खरे, पण ते राखायला धीर लागतो.

मला खटकते ते वेगळेच. आपण कोणत्या गावी जाऊन खेळायचे, हे त्या मुलाला कोणी विचारत नाही. ड्राफ्टआधी इंडियानापोलिसला होणाऱ्या चाचण्यांत या मुलांना ४० यार्ड पळवतात, डॉक्टर एकेक सांधा तपासतात, पंजा ताणून अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत मोजतात. ते पाहताना मला बैलबाजारात दात बघणारे हात आठवतात आणि त्या मुलांच्या आईवडिलांना काय वाटत असेल, हा विचार मनातून जात नाही. २००४ मध्ये ईलाय मॅनिंग या क्वार्टरबॅकने सॅन डिएगो चार्जर्स संघाकडून खेळणार नाही असे आधीच कळवले होते. तरी त्यांनी त्याला पहिला निवडला आणि त्याच दिवशी न्यूयॉर्क जायंट्सकडे सोपवले. पण त्याचे वडील आर्ची स्वतः नामवंत क्वार्टरबॅक होते. साध्या घरातल्या मुलाला असे अडून बसणे परवडत नाही.

गंमत अशी, की सातव्या फेरीत निवडलेला मुलगा त्या संघाशी बांधला जातो, आणि ज्याचे नाव कोणीच घेतले नाही तो मोकळा असतो. ड्राफ्टच्या तिसऱ्या दिवशी, शनिवारी, शेवटचे नाव वाचून झाले की त्याचा फोन वाजू लागतो, आणि दोन-तीन संघांनी विचारले, तर आपल्या जागेवर कुठे वाव आहे ते पाहून तो स्वतः ठरवतो. २००३ मध्ये टोनी रोमो असाच डॅलसला गेला आणि पुढे कित्येक वर्षे तिथलाच मुख्य क्वार्टरबॅक राहिला.

पुढच्या एप्रिलमध्ये शनिवारपर्यंत थांबू.

तुझा,
बाबा