मागच्या सीटवरचं हेल्मेट

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र नव्या हेल्मेटमध्ये ठेवतोय. काल शालिमारवरून आणलं. तुझ्यासाठी नाही, तुझ्या मागं बसणारीसाठी. आयएसआयचा शिक्का बघून घेतलंय, पट्टाही दोनदा ओढून पाहिलाय.

रविवारी जे बोललो ते बोलायला नको होतं. "स्टेशनबाहेर सवारी शोधत उभी राहतेस" हे कोण म्हणालं, तर तेहतीस वर्षं एसटीचं स्टिअरिंग धरून सवाऱ्यांवरच घर चालवलेला माणूस. तुझी आई तेव्हापासून माझ्याशी भाजीपुरतंच बोलते. म्हणून विषय पुन्हा काढत नाही. फक्त हेल्मेट दे मागचीला. जवळ जायचं असलं तरी दे. "केस विस्कटतात" म्हणाली तर बसवू नकोस.

तू म्हणतेस, भाडं घेत नाही, आश्रमशाळेतल्या पोरांच्या स्वेटरांसाठी उतरताना खुशीनं टाकतील ते डब्यात. पण आरटीओवाल्याला डबा दिसतो गं, तुझा हेतू दिसत नाही. पांढऱ्या पाटीच्या गाडीवर पैसे घेऊन माणूस बसवला की परवाना मागतात. 1988 च्या कायद्यात कलम 66 आहे, आणि परवाना नसला तर 192-अ खाली 10 हजार दंड. म्हणजे तुझे तीस-पस्तीस स्वेटर एका पावतीत गेले. राज्यानं 2025 मध्ये बाईक टॅक्सीचे नियम काढले ते इलेक्ट्रिक गाड्यांसाठी. आपली स्प्लेंडर पेट्रोलवर चालते, आणि आहे माझ्या नावावर. दंडाचंही सोड. घरच्या गाडीच्या विम्यात भाड्यानं चालवणं बसत नाही. उद्या मागची पडली, तर विमा कंपनी आधी तुझ्या डब्याचीच चौकशी करील.

झालं, लागलो पुन्हा शिकवायला. माफ कर. सवय आहे. नवीन ड्रायव्हर शेजारी बसवून द्यायचे तेव्हापासूनची.

खरं तर या स्वेटरांचं खूळ तुझ्या डोक्यात मीच घातलं. पेठची मुक्काम गाडी माझ्याकडे होती ना, तेव्हा संक्रांतीच्या सुमारास सावळघाट ओलांडला की आश्रमशाळेत परतणारी पोरं रस्त्याला उभी असायची. अंगात पातळ सदरा, डोक्याला टॉवेल. गाडी थांबली की सीट सोडून सगळी पुढं माझ्या केबिनशी गर्दी करायची. तेव्हा इंजिन आत, ड्रायव्हरच्या बाजूला. त्या गरम बोनेटवर तळवे ठेवून उभी राहायची. एक तर गाल टेकवून झोपायचा. कंडक्टर ओरडायचा, मी म्हणायचो राहू दे. हे तुला मी शंभरदा सांगितलं असेल, तू जेवत नसलीस की. तू ते एवढं मनावर घेशील हे कुठं माहीत होतं.

डब्यात 6,340 रुपये झालेत. आईनं मोजले, मी नाही. डेपोच्या कट्ट्यावर पेन्शनरांना हा आकडा मीच सांगितला, वर "पोरगी माझं ऐकत नाही" असं तोंडही वाकडं केलं. दोघं-तिघं शंभर-शंभर द्यायला तयार आहेत. माझं म्हणणं एवढंच, पैसे असे गोळा कर. आणि कुणाला सोडायचंच असेल तर डबा घरी ठेवून सोड. विचार कर. तुझ्या आत्याच्या वेळी मी विचार करा म्हणालो नव्हतो, हुकूम सोडला होता. त्याचं काय झालं ते घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

मागच्या माणसाचं मी एवढं का धरून बसलोय, ते सांगतो. चालवणाऱ्याला खड्डा दिसतो, तो हँडल घट्ट धरतो. मागच्याला काही दिसत नाही, तो बेसावध असतो. आता सिंहस्थाच्या कामांनी रस्ते कसे खणलेत ते तू बघतेसच. बिल्ला मिळाला विनाअपघात सेवेचा, तो शोकेसमध्ये आहे. पण बिल्ल्याच्या आदल्या वर्षी आडगाव नाक्याच्या पुढं माझ्या गाडीसमोर एक मोटारसायकल चालली होती. मागं बाई, ओढणी मोकळी. चाकात गेली. मी ब्रेक मारला, गाडी चार हातांवर थांबली. चालवणारा तिचा भाऊ होता, त्याला खरचटलंसुद्धा नाही. तो रस्त्यात बसून तिच्या चपला गोळा करत होता. हे घरी कधी सांगितलं नाही. तुझ्या आईलाही वाचून दाखवू नकोस.

ओढणी बांधायला सांगत जा. आधी ओढणी, मग हेल्मेट, मग गिअर.

अजून एक. मंगळवारी रात्री पाय मोकळे करायला जातो म्हणालो, तो मी द्वारका चौकात उभा होतो. पंचवटी एक्सप्रेस स्टेशनात येऊन गेली होती. तू पुणे रोडनं आलीस, मागं बॅगवाली एक मुलगी. सर्कलच्या आधी इंडिकेटर दिलास, आरशात पाहिलंस, ट्रकला आधी जाऊ दिलंस. मी असतो तर हेच केलं असतं. मुलीच्या डोक्यावर मात्र काही नव्हतं.

मागच्या चाकात हवा कमी होती, भरलीय. चेनला तेल दिलंय. काकूनं पाठवलेले तिळाचे लाडू हँडलच्या पिशवीत आहेत, उपाशी फिरू नकोस. आजही जाणारच असशील तर द्वारकेवर त्याच टपरीपाशी थांब, मी चहा सांगून ठेवतो.

तुझे
पप्पा