आई, तुझ्या प्रश्नाचं उत्तर

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

त्या दिवशी फोनवर मी मुलगा नाही, मुलगी आहे असं सांगितलं, तेव्हा बाबा म्हणाले, "हे सोंग आता पुरे." आई, तू गप्पच होतीस. फोन ठेवता ठेवता एवढंच विचारलंस, "मग इतकी वर्षं आम्ही वाढवला तो कोण होता?" त्यानंतर माझ्या डोक्यात दुसरं काही टिकलेलं नाही. फोनवर सांगायला गेले असते तर रडले असते आणि बोलणं तिथंच राहिलं असतं. म्हणून पत्र.

बाबा, या गोष्टींचं वेड मला तुम्हीच लावलंत. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत तुम्ही इंद्रजाल कॉमिक्सचे मराठी अंक जपून ठेवले होते. वेताळ, म्हणजे इंग्रजीतला फँटम, मी त्यातच वाचला. ली फॉकनं तो 1936 साली निर्माण केला आणि 1964 पासून इंद्रजालमुळे तो आपल्याकडे घरोघरी गेला. जंगलात मुखवटा, शहरात जायचं झालं की लांब कोट, हॅट, काळा चष्मा आणि वॉकर हे नाव. त्याचा उघडा चेहरा वाचकालाही धड दिसत नाही. त्याच्या प्रेयसीला, डायनाला मात्र दिसतो. तुम्हाला त्याच्या मारामाऱ्या आवडायच्या. मी डायनाशी अडकायचे. कुणीतरी एक माणूस आहे ज्याच्यापुढे याला तोंड झाकावं लागत नाही, हे मला फार मोठं वाटायचं. का वाटतं, ते तेव्हा सांगता आलं नसतं.

मग दूरदर्शनवर शक्तिमान आला. गल्लीतली सगळी पोरं गरागरा फिरायची आणि माझं लक्ष गंगाधरवर, शक्तिमान ज्या साध्या माणसाच्या रूपात लपायचा त्याच्यावर. पुढे आलेले दात, चष्मा, चापून बसवलेले केस, ते अवघडलेलं बोलणं. त्याला दिवसभर सांभाळावं लागत असेल, कुठं चुकून सरळ उभे राहिलो तर ओळखतील म्हणून. मीही तेच करत होते. शाळेत मुलांच्या रांगेत हात कुठे ठेवायचे, चालताना खांदे कसे ठेवायचे, हसताना आवाज किती जाड काढायचा. तालमीत जायचं, तिथून आल्यावर न्हाणीघरात दार लावून बसायचं. बाबा, सोंग म्हणायचंच असेल तर ते हे होतं. आता जी बोलते आहे तिला काहीच सांभाळावं लागत नाही. मी ट्रान्स स्त्री आहे. शरीर मुलाचं म्हणून जन्मले, पण आतून कायम मुलगीच होते. हे कुणी शिकवलेलं नाही, पुण्याला आल्यावर लागलेलंही नाही. फक्त तोवर त्याला नाव सापडलं नव्हतं.

आता आई, तुझा प्रश्न.

सुपरमॅन 1938 साली जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोघांनी आणला. ज्यू स्थलांतरितांच्या घरांतली तरुण पोरं. त्यांचा क्लार्क केंट भित्रा, गबाळा, चष्मेवाला, आणि ते सगळं नाटक. खरा तो सुपरमॅन. अनेक वर्षं ही गोष्ट अशीच वाचली गेली आणि मीही माझ्याबद्दल असंच धरून चालले होते, की तो मुलगा खोटा आणि मी खरी. तुझ्या प्रश्नाला हे उत्तर दिलं असतं तर तुझ्या हातून तीस-बत्तीस वर्षं काढून घेतल्यासारखं झालं असतं. आणि ते खरंही नाही.

कारण 1986 मध्ये जॉन बर्ननं ही गोष्ट नव्यानं मांडली आणि उलटी केली. त्याच्या मांडणीत खरा माणूस क्लार्कच. कॅन्सासच्या शेतावर जोनाथन आणि मार्था केंटनी वाढवलेला, त्यांच्या वळणाचा. अंगातली ताकद कुठल्या ग्रहावरून आली हे नंतरचं. ती कशासाठी वापरायची हे आईबापांनी शिकवलेलं. मला स्वतःला ही मांडणी जास्त पटते. तुम्ही वाढवलंत ती मीच होते. ताप आला की तुझ्या मांडीवर डोकं ठेवणारी मी होते. भाकरी थापायला बसले की तू ओरडायचीस, तरी शिकवलीसच. आपल्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत बाबांनी मला पांढरी बाराबंदी घालून नंदीध्वजामागं नेलं होतं, तो फोटो हॉलमध्ये आहे ना, तो काढू नका. त्यातली बाराबंदी मला अंगावर नको होती, पण बाबांचं बोट धरून चालायचा आनंद खरा होता. चेहऱ्यावर दिसतोय तो.

तू पारायणात विराटपर्व ऐकलं आहेस. अर्जुन वर्षभर बृहन्नडा होऊन राहिला, उत्तरेला नाच शिकवला. अज्ञातवास संपला म्हणून तिला आलेला नाच काही खोटा ठरला नाही. माझा अज्ञातवास त्याच्या उलट दिशेचा आणि फार लांबला, पण त्या काळात तुम्ही जे दिलंत आणि मी जे घेतलं ते सगळं माझ्याकडे आहे.

या गोष्टी माझ्या आयुष्यावर तंतोतंत बसतात असं मात्र मी म्हणत नाही. सुपरहिरो लपतो ते जवळच्यांना धोका नको म्हणून, आणि त्याला हवं तेव्हा चष्मा परत लावता येतो. मला परत लावता येणार नाही, लावायचाही नाही. मला उडायचं नाही. नव्या पेठेतून तुझ्याबरोबर पिशवी घेऊन चालायचं आहे आणि कुणी वळून बघू नये एवढंच हवं आहे. जवळच्यांना जपण्यासाठी लपायचं, हे मीही स्वतःला सांगत आले. बाबांचं बीपी, तुझं मन, ताईच्या सासरचे. स्पायडरमॅनच्या मे काकूचं हेच होतं. 1962 पासून पीटरला एकच धास्ती: हिला कळलं तर हिचा जीव जाईल. मग 2001-02च्या सुमाराला एका कथेत ती त्याला जखमी होऊन झोपलेला बघते, आणि पुढं एक अख्खा अंक फक्त दोघं घरात बसून बोलतात. मारामारी नाही, खलनायक नाही. ती कोसळत नाही. तिला लागतं ते हे, की हा इतकी वर्षं एकटा सोसत होता. तो अंक मी कितीदा वाचला असेल. तुम्ही माझ्या कल्पनेपेक्षा घट्ट आहात, हे मला आधी ओळखता आलं असतं तर बरं झालं असतं.

आई, दारात परडी घेऊन यल्लम्माचे जोगते येतात तेव्हा तू आत जाऊन सुपात जोंधळे आणतेस, डोक्यावर पदर घेऊन नमस्कार करतेस. लुगडं नेसलेल्या त्या माणसाला तू कधी सोंग म्हणाली नाहीस. तोच हात माझ्यावरही ठेव, इतकं मागायचा हक्क मला आहे.

आणखी एक. क्लार्कचा तो निळा-लाल पोशाख बऱ्याच आवृत्त्यांमध्ये त्याच्या आईनं शिवलेला आहे. त्याच्या शत्रूंना, वर्तमानपत्राला, अख्ख्या जगाला जे माहीत नाही ते घरात शिलाई मशीनवर बसलेल्या बाईला माहीत आहे. मला तुझ्या हातचा ब्लाउज हवा आहे. इथल्या शिंपिणीचा खांद्यात नीट बसत नाही, माझे खांदे रुंद आहेत. टेप लावून माप तूच घे. इरकल मी आणते, गर्द हिरवी, तुला आवडते तसली.

राजपत्रात नाव बदलून झालं आहे, बाकीची कागदपत्रं सुरू आहेत. हार्मोनची औषधं डॉक्टरांच्या देखरेखीखाली आहेत, दर काही महिन्यांनी रक्त तपासतात, काळजी नसावी. काकांना काय सांगायचं ते तुम्ही ठरवू नका, मी आल्यावर आपण तिघं बसून ठरवू. शनिवारच्या हुतात्मा एक्सप्रेसनं निघते. स्टेशनवर कुणी नाही आलं तरी मी रिक्षानं येईन. बाबांनी यावं असं फार वाटतं. बीपीच्या गोळ्या इथून घेऊन येते, तिथं विकत घेऊ नका.

तुमची लेक