रोस्ट चिवट लागला, म्हणजे अजून शिजायचा होता

प्रिय नीलिमा,

तुझं पत्र मिळालं. स्लो कुकरमध्ये, म्हणजे विजेवर मंद आचेने शिजवणाऱ्या भांड्यात, रोस्ट सहा तास 'लो'वर ठेवूनही मांस चिवट, रस पाणचट आणि गाजरं कचकचीत. वर तू निकालही देऊन टाकलास, की मांस जास्त शिजून कडक झालं. नेमकं उलटं झालंय. ते कमी शिजलं. आणखी तीन तास झाकणाला हात न लावता ठेवलं असतंस तर तोच तुकडा काट्याने सुटला असता.

असं का होतं ते आधी सांगते, म्हणजे पुढच्या वेळी घड्याळाचा धाक वाटणार नाही. खांद्याचा स्नायू जनावराचं वजन पेलतो, त्यामुळे त्यात कोलॅजनचे पांढरट पडदे भरपूर असतात. मांस 60-65 अंश सेल्सिअसपर्यंत तापलं की त्याचे धागे आकसतात आणि पाणी बाहेर टाकतात. कोलॅजन मात्र 70 च्या पुढे विरघळू लागतं, तेही तासन् तास. म्हणजे मधला एक टप्पा असा येतो, की मांसातलं पाणी गेलेलं असतं आणि कोलॅजनचा मऊपणा अजून आलेला नसतो. तू बरोबर त्याच टप्प्यावर सुरी चालवलीस. आतलं तापमान 93 ते 96 अंशांवर पोचलं आणि तिथे थोडा वेळ टिकलं, की पडदे विरघळून त्यांचं जिलेटिन होतं. आपण ज्याला रसरशीतपणा म्हणतो तो बराचसा या जिलेटिनचाच असतो. थर्मामीटर नसेल तर काटा खुपस आणि फिरव. फिरवताना विरोध जाणवला तर झाकण लाव आणि तासभर विसरून जा.

आता तुकड्याबद्दल. बीफ घेणार असशील तर खांद्याचा भाग, म्हणजे चक, सगळ्यात भरवशाचा. छातीचा ब्रिस्केटही चालतो. मागच्या पायाचा राउंड किंवा पाठीकडचा सरलॉइन दिसायला देखणा, पण त्यात विरघळायला फारसं काही नसतं. तो दहा तास ठेवलास तर कोरडे दोरे हातात येतील, आणि ते मात्र खरोखरच दुरुस्त होत नाहीत. बीफ नको असेल तर मेंढीचा हाडासकट खांदा घे, रीत तीच; फक्त सातव्या तासापासून काटा लावून बघ. पाच-सहा लिटरच्या कुकरला दीड किलोचा एक अख्खा तुकडा पुरतो. कापून आण म्हणून सांगू नकोस. बाहेरची जाड चरबी अर्ध्या सेंटिमीटरपर्यंत छाट, पण मांसात विणलेल्या रेषांना हात लावू नको. तुकडा सैल, पसरट असेल तर सुती दोऱ्याने दोन-तीन ठिकाणी बांध, म्हणजे सगळीकडून एकसारखा शिजतो.

मीठ आदल्या रात्री लाव. दीड किलोला 18 ग्रॅम, म्हणजे बारीक मिठाचे तीन सपाट चहाचे चमचे. मग उघडाच फ्रीजमध्ये ठेव. मीठ आत मुरतं आणि वरचा भाग सुकतो, आणि हे सुकणंच सकाळी कामाला येतं. ओलं मांस कढईत टाकलं की आधी ते पाणी उडावं लागतं. पाणी आहे तोवर पृष्ठभाग 100 अंशांच्या वर जात नाही, आणि खरपूस रंग-वास यायला साधारण 140 च्या पुढे जावं लागतं. स्लो कुकर हे कधीच करू शकत नाही, म्हणून परतण्याचा कंटाळा करायचा नाही. 'रस आत कोंडला जातो' म्हणून परततात असं ऐकशील; ते खरं नाही, परतायचं ते चवीसाठी.

जाड बुडाची कढई चांगली तापव, दोन मोठे चमचे तेल घाल, मांस कागदाने टिपून ठेव आणि चार-पाच मिनिटं अजिबात हलवू नको. बुडाला चिकटलंय असं वाटलं तर अजून झालेलं नाही. रंग आला की ते आपोआप सुटतं. सगळ्या बाजू मिळून पंधरा मिनिटं जातात. मांस बाजूला काढ. त्याच चरबीत दोन मोठे कांदे जाड चिरून कडेने तांबूस होईतो परत, मग ठेचलेल्या सहा लसूण पाकळ्या, मग दोन मोठे चमचे टोमॅटो पेस्ट. पेस्ट विटकरी रंगाची होऊ दे, नाहीतर तिचा कच्चा आंबटपणा शेवटपर्यंत राहतो. रेड वाइन घालायची असेल तर 150 मिली इथेच घाल आणि निम्मी होईतो उकळ. कुकरमध्ये झाकणाखाली अल्कोहोल नीट उडत नाही, आणि मग रसाला उग्र चव येते. शेवटी 200 मिली बिनमिठाचा स्टॉक घालून बुडाला लागलेलं सगळं लाकडी उलथन्याने खरवडून घे. खरी चव त्या खरवडीत असते.

एवढाच द्रव. तू लिटरभर घातला होतास आणि रस पाणचट झाला, त्याचं कारण हेच. गॅसवरच्या पातेल्यातून वाफ जाते. इथे ती झाकणाला लागून थेंब होऊन परत खाली पडते. शिवाय मांस आणि कांदे स्वतःच बरंच पाणी सोडतात. मांस बुडायला नको, तळाशी रस दिसला तरी पुष्कळ.

गाजरं कच्ची राहिली कारण ती तू मांसाच्या वर ठेवलीस. या यंत्रात तापणारी तार बहुतेक करून भांड्याच्या भोवती असते. तेव्हा कंदमुळं तळाला आणि कडांना लावायची, मांस त्यांच्यावर. गाजरांचे पाच सेंटिमीटरचे जाड तुकडे, बटाटे घट्ट जातीचे आणि फार तर अर्धे केलेले. भाजीच्या पेशी धरून ठेवणारं पेक्टिन साधारण 85 अंशांच्या आसपास सैल होतं, म्हणून भाजीला मांसाइतकाच, कधी जास्तच, वेळ लागतो. त्यात आंबट पदार्थ पेक्टिनला आणखी घट्ट करतो. तू डबाभर टोमॅटो ओतले होतेस ना? मग गाजरं कशी शिजतील? मटार मात्र शेवटच्या वीस मिनिटांतच. आणि राजमा घालायची हुक्की आली तर आधी भिजव, ते पाणी टाक आणि ताज्या पाण्यात निदान दहा मिनिटं खळखळून उकळ. कच्च्या राजम्यात एक विषारी लेक्टिन असतं, ते स्लो कुकरच्या मंद आचेवर भरवशाने नष्ट होत नाही.

दोन तमालपत्रं आणि थाइमच्या तीन-चार काड्या टाक, भांडं अर्ध्याहून जास्त पण काठाच्या दोन बोटं खाली भर, आणि 'लो'वर नऊ ते दहा तास. घाई असेल तर 'हाय'वर पाच ते सहा. दोन्हींत शेवटचं तापमान जवळपास सारखंच, उकळीच्या जरा खाली. 'हाय' तिथे लवकर पोचतं इतकंच. मला 'लो' आवडतं, कारण तासभर इकडेतिकडे झालं तरी तुकडा सांभाळून घेतो. झाकण दर वेळी उघडलंस की वीस-तीस मिनिटं वाढव. तू पाच वेळा डोकावलीस असं लिहिलंयस, म्हणजे तुझे सहा तास प्रत्यक्षात किती होते ते तूच मोज.

गोठलेलं मांस थेट घालू नको; 4 ते 60 अंशांच्या मधे ते फार वेळ रेंगाळतं आणि जंतूंचं फावतं. आदल्या रात्री मांडणी करून सिरॅमिकचं भांडंच फ्रीजमध्ये ठेवायची युक्तीही नको. सुरुवात संथ होते, आणि गार भांडं एकदम तापलं तर तडकूही शकतं. कांदा-भाजी वेगळ्या डब्यात चिरून ठेव.

शिजल्यावर मांस अलगद, दोन उलथन्यांनी उचलून ताटात काढ आणि झाकून पंधरा मिनिटं राहू दे. तोवर रस गाळून स्थिरावू दे, वरचा तवंग डावेने काढ. उरलेला रस पातेल्यात उकळून साधारण अर्धा लिटर कर. दोन मोठे चमचे कॉर्नफ्लोअर तीन चमचे गार पाण्यात कालवून उकळत्या रसात धारेने घाल, ढवळत राहा. मिनिटभरात दाट होतो. कोरडं पीठ थेट टाकलंस तर गुठळ्या ठरलेल्या. मग चव घे. बहुतेक वेळा मीठ नव्हे, आंबट कमी असतं, म्हणून एक चहाचा चमचा व्हिनेगर. क्रीम घालायचं तर अगदी शेवटी, आच बंद केल्यावर, नाहीतर फाटतं.

कापताना धाग्यांना आडवं काप, बोटाएवढ्या जाड फोडी. उरलेलं दोन तासांच्या आत उथळ डब्यात रसासकट फ्रीजमध्ये गेलं पाहिजे. तीन-चार दिवस छान टिकतं. दुसऱ्या दिवशी चरबी वर थिजते, ती अख्खी उचलून काढता येते, आणि गार तुकड्याच्या फोडीही नीट पडतात. गरम मात्र गॅसवर, रसात, चांगली वाफ येईपर्यंत. कुकरमध्ये पुन्हा तापवू नको, तो त्यासाठी फार सावकाश आहे. 'वॉर्म' बटण फक्त आधीच गरम असलेल्या पदार्थासाठी.

कोणता भाग मिळाला आणि वजन किती ते आणल्या दिवशी कळव, म्हणजे झाकणाला हात कधी लावायचा ते सांगते.

तुझी,
मेधा